आधी सोयरे बसवा

“आधी सोयरे बसवा, मग पाव्हणा,” असं म्हणून गुरुजी खडूचा हात धोतराला पुसत आणि फळ्यापासून दोन पावलं मागे सरकत. फळ्यावर तीन आकडे असत. सात, पाच, तीन. पहिलीची मुलं क्षणभर बघत राहत आणि मग गलका होई, सात आणि तीन, सात आणि तीन. कारण सात आणि तीन एकमेकांचे सोयरे. ते दोघे शेजारी बसले की दहाचं घर भरलं. पाच राहिला, तो पाव्हणा. झाले पंधरा.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याला एकच गोष्ट येते, पण ती अशी येते की तिच्यापुढे आपल्याला येणाऱ्या दहा गोष्टी सांगायची लाज वाटते. मी त्यांच्याबरोबर तीन वर्षं चार महिने काम केलं. त्यातली पूर्ण तीन वर्षं मी त्यांचा हेवा केला. पहिले चार महिने सोडून देतो, कारण तेव्हा मी त्यांना नुसता हसत होतो.

गाव बेंबळीपासून दोन कोसांवर. निजामाचं संस्थान विलीन झालं होतं आणि उर्दू शाळा मराठी झाल्या होत्या. मराठीतून शिकलेले मास्तर त्या भागात कमी, म्हणून मी बार्शीकडचा माणूस ट्रेनिंगचं प्रमाणपत्र घेऊन तिथे हेडमास्तर झालो. शाळेत मास्तर दोनच, मी आणि ते. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी त्यांच्याकडे.

ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. तिथल्याच शेतकरी घरातले, बोलणं सगळं मराठी. पण शिक्षण झालं निजामी अमलात, त्यामुळे लिहिणं-वाचणं उर्दूत. बाळबोध वाचताना ओळीखालून बोट फिरवत आणि जोडाक्षर आलं की थांबत. बेरजेला ‘जमा’ म्हणत, फळ्याला ‘तख्ता’. कविता शिकवायची वेळ आली की मुलांपेक्षा तेच घाबरलेले दिसत. “म्या पुस्तकातला न्हाय साहेब,” असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. “मला तेवढी पोरांची जमा येती. तेवढं माझ्याकडं राहू द्या.”

मी राहू दिलं. मला वाटलं, पहिलीच्या बेरजेत असं काय आहे.

हसण्याचं कारण वेगळं होतं. ते उदाहरण फळ्याच्या उजव्या कडेकडून लिहीत. आधी उजवीकडे तीन, मग अधिक, मग पाच, मग अधिक, आणि सर्वांत शेवटी डावीकडे सात. उर्दूच्या ओळीची सवय हाताला लागलेली. मी ते मुलांदेखत दाखवून दिलं. “व्हय, चुकलं,” म्हणून त्यांनी पुसलं आणि डावीकडून लिहिलं. दुसरं उदाहरणही डावीकडून लिहिलं. तिसऱ्याला हात पुन्हा उजवीकडे गेला. मुलं माझ्याकडे बघून हसायला लागली. मग तेही हसले आणि मुलांना म्हणाले, “आसं करू. म्या इकडून येतो, तुमी तिकडून या. बघू, गाव एकच लागतंय का दोन.”

मुलांनी डावीकडून केली, त्यांनी उजवीकडून. दोन्हीकडून पंधराच. एका मुलीने मधूनच सुरुवात केली, तिचेही पंधरा आले. मुलांना ही एवढी नवलाची गोष्ट वाटली की तो तास संपेपर्यंत ती प्रत्येक उदाहरण तिन्ही बाजूंनी करून बघत होती. मला कॉलेजात शिकवलं होतं की पहिल्या संख्येत दुसरी मिळवावी आणि येणाऱ्या उत्तरात तिसरी. क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही हा नियमही शिकवला होता, पण तो आम्ही वहीत लिहून घेतला होता. त्यांची मुलं तो खेळत होती.

सोयऱ्यांचं तर विचारू नका. नवाचा सोयरा एक, आठाचा दोन, साताचा तीन, सहाचा चार. पाचाचा सोयरा कोण, असं विचारून ते मिशीवरून हात फिरवत, आणि वर्ग ओरडे, “घरातल्या घरात दिलाय.” त्या गावात निम्म्या मुलांच्या आया मामाच्या नाही तर आत्याच्या घरी दिलेल्या. पाच आणि पाच दहा हे त्यांना निराळं पाठ करावं लागलं नाही. तीन आकड्यांत सोयरे नसले तर जुळे शोधायचे. सात, चार, सात आले की आधी सातांची जोडी, चौदा, मग चार. जुळेही नसले तर सगळ्यांत थोरल्याला आधी बसवायचं आणि धाकट्यांनी त्याच्यामागे यायचं. एवढंच. माझ्या पाठाच्या टाचणवहीत बेरजेवर अकरा पानं होती.

गावातले लोक मला ‘हेडमास्तर’ म्हणत आणि त्यांना ‘आमचं गुरुजी’. मी हे लक्षात ठेवत होतो. ‘आमचं’ हा शब्द त्या तीन वर्षांत मला एकदाही कोणी लावला नाही.

मग आमची कुमुद पहिलीत गेली. माझीच मुलगी, पण वर्ग त्यांचा. तिला सात-आठ महिने झाले असतील. आमच्या घरी अंगणात तीन सुपांत पापड वाळत घातले होते. शेवटची खेप होती म्हणून एकात आठ, दुसऱ्यात सात आणि तिसऱ्यात दोनच. बायकोने किती झाले म्हणून मला विचारलं. मी आठ आणि सात पंधरा म्हणतोय तोवर कुमुद उंबऱ्यावरून म्हणाली, “सतरा. आठ-दोन सोयरे, सात पाव्हणा.”

बायको हसली. म्हणाली, आता तुम्ही पापड उलटे करा, मोजायचं पोरगी बघेल. तिने ते सहज म्हटलं. मी कुमुदला विचारलं, हे कोणी शिकवलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

“आमचं गुरुजींनी,” ती म्हणाली.

आमच्या घरात ‘आमच्या गुरुजींनी’ असं बोलत. मी तिला ते सुधारून दिलं. तिने मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा तसंच म्हणाली.

एका शनिवारी ते शेताच्या कामाला रजेवर होते. मी दोघांचा एकेक वर्ग एकत्र बसवला, त्यांची पहिली आणि माझी तिसरी, आणि फळ्यावर तीन-तीन संख्यांच्या वीस बेरजा लिहिल्या. माझा हेतू काय होता ते स्पष्ट सांगतो. त्यांची मुलं गलक्यात उत्तरं देतात, एकेकटी बसवली की चुकतील, असं मला वाटत होतं आणि तसं व्हावं अशी इच्छाही होती. पहिलीची चोवीस मुलं हजर होती, तिसरीची अठरा. तिसरीची मुलंही त्यांच्याच हाताखालून आलेली, पण माझ्याकडे आल्यावर मी त्यांची सोयऱ्यांची सवय मोडून काढली होती. पहिलीच्या चारशे ऐंशी उत्तरांपैकी चारशे एक्कावन्न बरोबर आली. तिसरीच्या तीनशे साठपैकी तीनशे अठरा. म्हणजे त्यांची शेकडा चौऱ्याण्णव, माझी शेकडा अठ्ठ्याऐंशी. पहिलीतल्या शेवटच्या मुलाने पाटी खाली ठेवली तेव्हा तिसरीतले सात जण अजून बोटं मोजत होते.

मी ते आकडे एका कागदावर लिहिले, दोनदा तपासले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. सोमवारी ते आले, तेव्हा त्यांना काही सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात वरून पत्र आलं. उर्दूतून शिकलेल्या शिक्षकांबद्दल हेडमास्तरांनी अभिप्राय पाठवायचा होता. कोणाकडे कोणता विषय ठेवावा, कोणता काढावा, ते त्यावरून ठरणार होतं. छापील तक्त्यात रकाने होते. भाषा, लेखन, वाचन, अंकगणिताची पद्धत, वर्गाची शिस्त. अभिप्राय त्या शिक्षकाला वाचून दाखवून त्याची सही घ्यायची होती.

मी खोटं लिहिणारा माणूस नाही. वाचन सावकाश, जोडाक्षरं अडतात. लेखन अपुरं. शिस्त, तासाला गलका होतो. अंकगणिताच्या रकान्यात मी लिहिलं: उदाहरण फळ्यावर उजव्या बाजूने लिहितात, संख्या क्रमाने मिळवत नाहीत, ग्रामीण नात्यागोत्याचे शब्द वापरतात, मान्य पद्धतीचं प्रशिक्षण नाही. तुम्ही त्या वर्गात बसला असता तर यातला एकही शब्द तुम्हाला खोडता आला नसता.

शाळा सुटल्यावर मी त्यांना बोलावलं आणि सगळं वाचून दाखवलं. ते समोर उभे राहून ऐकत होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सगळं खरं हाय,” ते म्हणाले. “एक अक्षर बी खोटं न्हाय.” मग त्यांनी विचारलं, “पोरांचं काय लिवलं न्हाय का साहेब?”

“पोरांचं विचारलेलं नाही, गुरुजी. तसा रकानाच नाही.”

त्यांनी वाकून तक्ता पाहिला. रकान्यांच्या मथळ्यांवरून बोट फिरवलं, एकेक करून, शेवटपर्यंत.

“व्हय. रकाना न्हाय तर तुमी तरी कुठं लिवनार,” असं म्हणून त्यांनी सही केली. त्यांना माझा राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. रकान्यांच्या खाली चार बोटं कोरी जागा होती आणि तिथे ‘अन्य’ असं छापलेलं होतं. ते जोडाक्षर त्यांना लागलं नसावं. मला लागत होतं. तो घडी केलेला कागदही त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांची बदली भूम तालुक्यात झाली. जाताना गाव पाराजवळ जमलं होतं. मी हार घातला. एक म्हातारी मला म्हणाली, आमचं गुरुजी गेलं, आता आमच्या पोरास्नी तुमीच बघा. मी हो म्हटलं. नवा मास्तर मराठीतून शिकलेला होता, त्याच्याकडे मी तिसरी-चौथीची भाषा दिली आणि पहिलीचं अंकगणित स्वतःकडे घेतलं. मला हवं होतं ते मिळालं.

मी मन लावून शिकवलं, हे मला म्हणता येईल. चिंचोके आणले, तक्ते रंगवले. गलका होत नसे. मुलं पहिल्या संख्येत दुसरी मिळवत, मग तिसरी. घरी कुमुदला एकदा मी नऊ, सहा, एक अशी बेरीज घातली. ती पाटी घेऊन बसली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “बाबा, तुमच्यासारखं करू, का उत्तर काढू?”

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच कळायचं होतं. मी म्हटलं, कसंही कर. तिने ओठ हलवले आणि सोळा लिहिले.

दीड वर्षाने परीक्षेच्या कामासाठी मी भूमला गेलो. काम दुपारीच संपलं. ते ज्या गावी होते, ते एस.टी.च्या वाटेवरच होतं, म्हणून मी मध्ये उतरलो. तो कागद मी बरोबर घेतला होता. त्यांना दाखवावा, आणि त्यांच्या देखत पत्र लिहून वर पाठवावा, असं मनात होतं.

शाळेसमोर मैदान होतं आणि ते मैदानात होते. मला बघून लगबगीने कुंपणाशी आले. आधी कुमुदची चौकशी केली, मग गावातल्या मुलांची, एकेकाचं नाव घेऊन. मी सतरा नावं मोजली. मी त्यांना विचारलं, पहिली तुमच्याकडेच आहे ना.

“पहिली हाय, जमा न्हाय,” ते म्हणाले. “हुकुमात तसंच हाय. गणित दुसऱ्या मास्तरकडं. माझ्याकडं कवायत अन् बाग.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीच समजूत घातली, “पोरं बरी हायत हितली. लई गुणाची.”

मी खिशात हात घातला. त्यांनी विचारलं, काय हाय साहेब. मी म्हटलं, काही नाही, गाडीचं तिकीट बघतोय. त्यांना आता ते कळून काय उपयोग, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. तो कागद मी एकदा त्यांच्या हातात दिला असता तर त्यातले आकडे दोघांना माहीत झाले असते.

मुलं ओळीत ताटकळली होती, म्हणून ते परत गेले. एक-दोन, एक-दोन, असं सुरू झालं. तिसऱ्या ओळीतल्या एका बारक्या पोराचं पाऊल सारखं चुकत होतं. ते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, धोतर जरा वर खोचलं आणि त्याच्याबरोबर पाय आपटायला लागले. एक-दोन, एक-दोन. पोराने आधी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे. पाऊल जुळलं तसं त्याने मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते दोघे हसले.

परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. ती सगळी मी कुंपणाबाहेर उभा राहून काढली आणि आठवत राहिलो. माझी नोकरी तेव्हा चौदा वर्षांची झाली होती, दर वर्षी निदान तीस मुलं धरली तरी चारशे वीस. त्यातलं एकही माझ्याकडे तसं बघून हसलेलं मला आठवेना.