बरडावरचा मारवेल

परवा पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी अर्धीच टाकून उठले. संध्याकाळी पोळा फुटला की पारावर बैठक होती... आणि तिथे माझ्या बरडाचा निकाल लागायचा होता.

लोधीखेड्याजवळच्या आमच्या गावात मी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी गावाची चराईची उजाड, मुरमाड बरड जमीन मीच सगळ्यांच्या मागे लागून बंद करायला लावली. बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालू, गुरं आत सोडायची नाहीत, गवत आपोआप येईल... असं छातीठोक सांगितलं होतं.

आलं काय, तर तरोटा! गुरं ज्याला तोंडही लावत नाहीत तो. पोळ्यापर्यंत गवत दिसलं नाही तर कुंपण काढायचं, असं गावानं ठरवलं.

सगळ्यात जास्त धास्ती मला सुखदेवबाबांची. हे आमच्या गावचे गायकी, सगळ्यांची गुरं चारायला नेणारे. माझ्यापायी त्यांना रोज नाल्यापलीकडे लांब जावं लागतं, त्यामुळे ते माझ्याशी धड बोलतही नव्हते.

दुपारी राहवेना म्हणून बरडावर गेले. कुंपणाला माणूस शिरेल एवढी फट! आत बाबा वाकलेले दिसले. कुंपण मोडलं म्हणून बैठकीत यांचंच नाव घ्यायचं, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

"बाबा, काय करून राहिले?" आवाज चढलाच माझा.

"तरोटा उपटून राहिलो, बाई. आठ दिस झाले. याच्याखाली मारवेल हाये, पण लोकाईले दिसूनच नाई राहिला."

खाली बघितलं. उपटलेल्या पट्ट्यात मारवेलाचे, गुरं आवडीनं खातात त्या गवताचे, हिरवेगार ठोंब... जागोजागी. दोन वर्षं मी कुंपणाबाहेरूनच काळजी करत बसले, वाकून एकदाही बघितलं नाही.

"मंग बोलले काहून नाई?"

"तुमी इचारलं कधी? गवताचं गायकीले इचारा लागते."

संध्याकाळी पारावर सगळ्यांच्या आधी बाबाच उठले. "मारवेल आला हाये. माह्या गाई अजून एक साल नाल्यापल्याडच जातीन," एवढंच म्हणाले. कुंपण राहिलं.

माझ्यापायी दोन वर्षं पायपीट त्यांनी केली आणि चारचौघांत नाव मी त्यांचंच घेणार होते. बाबांना हे माहीतही नाही... ते फेसबुकवर नाहीत. इथे लिहून टाकलं, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. उद्या सकाळी गुरं सुटायच्या आत जाऊन माफी मागते.