उजेड मोजायला आलेला माणूस

नव्वदीच्या सुरुवातीला मी पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहान औषध कारखान्यात कामाला होते. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या एकेक करून काळ्या फळ्यापुढे धरायच्या आणि आत कण किंवा तंतू तरंगताना दिसला की बाजूला काढायच्या, हे आमचं काम. ज्या बाईच्या हातून तशी बाटली पुढे जाई, तिला घरी पाठवत. माझ्या शेजारी जवळच्या ओवे गावातली एक बाई बसायची. ती सारखी डोळे चोळायची, कपाळ दाबायची. हिची नजर गेली असं मी ठरवूनच टाकलं होतं. तिची नोकरी टिकावी म्हणून तिच्या ट्रेवरून मी गुपचूप नजर फिरवून घ्यायचे.

एक दिवस सुपरवायझरने सगळ्या ट्यूबलाइट पुसून घेतल्या. इतर वेळी ट्यूब गेली तरी ढुंकून न बघणारा हा माणूस, त्यामुळे माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी एक साहेब येणार, उजेड मोजणार, असं कळलं. मला काही ते पटलं नाही. उजेड काय मोजायचा? तो येतोय तो आमचे डोळे तपासायला, कमी दिसणाऱ्या बायका निवडून काढायला, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं.

साहेब आले की उभं राहायची आमची रीत. आम्ही उठून टेबलांपासून लांब सरकलो. साहेबांनी उजेड मोजायच्या यंत्राची पांढरी चकती टेबलांवर ठेवत आकडे लिहून घेतले आणि उजेड पुरेसा आहे म्हणाले. सुपरवायझर खूश झाला. मग त्यांनी आम्हाला बसून काम करायला सांगितलं. यात काहीतरी डाव असणार, म्हणून मी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं. पण ओव्याची बाई बसली. त्यांनी चकती तिच्या हाताजवळ धरली, तर यंत्राचा काटा झरकन खाली आला.

"डोकं दुखतं का तुमचं?" त्यांनी तिला विचारलं.

तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "आमच्यात कुणालाच काही त्रास नाही."

ते माझ्याकडे बघून हसले. ते हसणंही मला आवडलं नाही. दिवे पाठीमागे आहेत, बायका बसल्या की त्यांचीच सावली कामावर पडते आणि डोळ्यांवर ताण येतो, असं त्यांनी सुपरवायझरला समजावलं.

थोड्याच दिवसांत टेबलं फिरवली, फळ्यांवर दिवे लागले. ओव्याच्या बाईचं कपाळ दाबणं थांबलं. तरी मी तिच्या ट्रेवर लक्ष ठेवणं सोडलं नाही. एका दुपारी तिने मी तपासून ठेवलेली एक बाटली उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"यात हाय गो," ती हळूच म्हणाली. "नाय दिसत तुला?"

मी बाटली फळ्यापुढे धरली, हलवली, पुन्हा धरली. औषध स्वच्छ होतं. ही मला फसवतेय, असंच आधी वाटलं. मग डोळे चोळून पुन्हा पाहिलं, तरी मला तो कण दिसेना.

सुपरवायझर कुठे आहे ते तिने एकदा वळून पाहिलं आणि माझा ट्रे आपल्याकडे ओढून घेतला.