ब्लॉकेजवाल्यांची व्हॉलीबॉल टीम

साखरखेर्ड्याला शाळेच्या मैदानावर आम्ही म्हातारे रोज सकाळी व्हॉलीबॉल खेळतो. घाम फारसा कोणाचा निघत नाही, किस्से मात्र रोज निघतात. बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणते, "मंग खेळता कधी?" तिला हसू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमच्यातल्या प्रत्येकाच्या रक्ताच्या नळीत कुठे ना कुठे काहीतरी अडकलेलं आहे. माझ्या हृदयात स्टेंट आहे. रामभाऊंची, म्हणजे आमच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांची, बायपास झालेली आहे. गावातली पोरं आम्हाला 'ब्लॉकेज इलेव्हन' म्हणतात. व्हॉलीबॉलमध्ये एका बाजूला सहाच असतात, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

*

किराणा दुकानवाले मधुकरशेठ एकदा म्हणाले, मलाही टीममध्ये घ्या. माणूस दिसायला ठणठणीत. रामभाऊंनी तिथेच इंटरव्ह्यू घेतला.

"बायपास?"

"नाही."

"स्टेंट?"

"नाही."

"बीपी तरी हाय का?"

"कधी तपासलंच नाही."

"मंग तुमचं इथं काय काम? तुमच्यासंगं खेळलो त आमाले धाप लागन."

शेठ तोंड पाडून गेले. दोन दिवसांनी लगबगीने आले, चेहरा घरात नातू झाल्यासारखा फुललेला.

"रामभाऊ, निंघालं! बीपी निंघालं! गोळी बी चालू झाली."

त्या दिवसापासून आमची सर्व्हिस तेच करतात.

*

जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असल्याशिवाय कोर्टात उतरायचं नाही, हा आमचा कायदा आहे. तो माझ्या बायकोने केला, त्यामुळे त्यात दुरुस्ती होत नाही.

एकदा रामभाऊ स्मॅश मारायला उडाले. उडाले म्हणजे टाचा उचलल्या. खाली आले ते मटकन बसलेच. दोन्ही हात पोटाशी घट्ट, चेहरा पांढराफटक. आमच्या तोंडचं पाणी पळालं. चारी बाजूंनी गोळ्या घेऊन हात पुढे आले. मधुकरशेठ तर त्यांचं तोंडच उघडायला लागले, आणि रामभाऊ दात आवळून मान हलवतायत. मी घाबरून विचारलं,

"रामभाऊ, कुठं दुखून राह्यलं? सांगा ना."

"दुखून नाही राह्यलं बे. बर्मुड्याचं इलास्टिक तुटलं. त्या हापशीवरच्या बाया जाऊ द्या आधी."

*

आता दत्ताभाऊ. घरी वांगी-मिरचीची बागायत. एकेकाळी त्यांचा स्मॅश उचलणारा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता. तंबाखूने त्यांच्या पायाच्या नसा तुंबल्या. थोडं चाललं की पोटरी अशी आवळायची की जागेवर उभं राहावं लागायचं. अंगठ्यावरची जखम भरेना.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तंबाखू आजपासून बंद. आणि रोज चाला. दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, कळ गेली की परत चालायचं. रक्त आपली दुसरी वाट काढेल. नाहीतर पाय काढायची वेळ येईल."

दत्ताभाऊ घरी आले, तंबाखूची डबी बायकोच्या हातात दिली आणि ढसाढसा रडले. आम्हाला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कोणी नेट बांधलं नाही.

पण त्याच सकाळी ते घरून मैदानाकडे निघाले.

*

पोटरी पहिल्यांदा आवळायची ती बरोबर गजानन शिंप्याच्या दारात. एका रविवारी दत्ताभाऊ उशिरा निघाले आणि नेमका त्या दिवशी शिंप्याकडे मुलगी बघायला देऊळगाव राजाचे पाहुणे आलेले. हा माणूस दारातून हलेचना. पाहुणे वळून वळून बघायला लागले. शेवटी शिंप्याने त्यांना आत घेतलं, बसवलं, पोह्यांची प्लेट दिली. दत्ताभाऊंनी पोहे खाल्ले, वर मुलीची तारीफही केली.

दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तिथेच थांबला. शिंपी बाहेर आला.

"भाऊ, आज पाव्हणे नाहीत अन् पोहे बी नाहीत."

"मले काऊन सांगतं? माह्या पायाले सांग."

लग्न मात्र जमलं, आणि शिंप्याने पहिली पत्रिका दत्ताभाऊंना दिली.

*

हळूहळू पाय शिंप्याच्या पुढे सरकला आणि जिथे थांबू नये तिथे येऊन थांबला. किसनभाऊंच्या दारात.

किसनभाऊ म्हणजे दत्ताभाऊंचे सख्खे थोरले भाऊ. तरुणपणी दोघं एकाच टीममध्ये. जिल्ह्याच्या फायनलला धामणगाव बढेच्या टीमपुढे शेवटच्या पॉइंटला दत्ताभाऊंनी स्मॅश मारला. पंचाने विचारलं, नेटला हात लागला का? दत्ताभाऊ म्हणाले, नाही. किसनभाऊ म्हणाले, "हाव, लागला." पॉइंट धामणगावला, मॅच गेली. तेव्हापासून अबोला. पोरांची लग्नं झाली, आई गेली, तरी अबोला.

पहिल्या दिवशी दत्ताभाऊंना दारात बघून किसनभाऊ आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दार उघडलं, एक प्लॅस्टिकची खुर्ची रस्त्यावर आली आणि दार परत लागलं.

"बसला का मग?" आम्ही विचारलं.

"त्याच्या खुर्चीवर? पाय तुटला तरी बसणार नाही."

पण खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले, हे शिंप्याने पाहिलं होतं.

काही दिवसांनी पाय किसनभाऊंच्या दाराच्याही पुढे गेला आणि मारुतीपाशी आवळला. बघतात तर खुर्ची मारुतीपाशी. त्या दिवशी दत्ताभाऊ तिच्यावर बसले. पुढे पाय शाळेच्या गेटपर्यंत गेला, तर खुर्चीही गेटपाशी. कोण नेऊन ठेवतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. किसनभाऊंचं हृदय कमजोर आहे, डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायलाही मनाई केली आहे, हेही माहीत होतं. पण त्यांना अडवणार कोण?

आणि मग एक दिवस दत्ताभाऊ कुठेही न थांबता थेट मैदानावर आले. जखम भरलेली, पाय वाचलेला. आम्ही बॉल सोडून बघत राहिलो. कोर्टाच्या कडेला तीच खुर्ची होती आणि तिच्यात किसनभाऊ बसले होते, घामाने निथळत, धापा टाकत.

दत्ताभाऊ समोर जाऊन उभे राहिले. शेवटी किसनभाऊच म्हणाले,

"याच्याफुडं माह्याच्यानं होत नाही. आता तूच घरी ने हे खुर्ची."

दत्ताभाऊंनी भावाला हात देऊन उठवलं, खुर्ची खांद्यावर घेतली आणि दोघं निघाले. किसनभाऊंचं घर जवळच आहे, पण पोचायला त्यांना बराच वेळ लागला. वाटेत दत्ताभाऊंनी खुर्ची तीनदा खाली ठेवली. तिन्ही वेळा किसनभाऊ बसले.