किती आल्या ते विचार

कासवाने ताईच्या दारातला रस्ता दुसऱ्यांदा खणायला लावला, तोही आधीच दुरुस्त झालेल्या गळतीसाठी. पाणीपुरवठ्याची माणसं कुदळी घेऊन आली, खड्डा झाला, पण पाइप बाहेरून ठणठणीत कोरडा. या धांदलीत ताईची गुलाबाची कुंडी फुटली.

"गुलाब बादलीत ठेवलाय," ताई फोनवर म्हणाली. "कुंडी तुझ्याकडून."

"आणतो गं."

"तू आणणार म्हणजे गुलाबाने बादलीतच संसार थाटावा."

कासव हे नाव त्याला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पडलं. तिसरा प्रश्न विचारला की हा पहिल्याचं उत्तर द्यायचा. मात्र ते उत्तर सहसा चुकायचं नाही. गळती शोधणारा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. गावाचे आठ भाग, आठ संगणक. प्रत्येक जण आपल्या भागातल्या पाइपांचा दाब तपासायचा आणि संशयित गळत्या रोज मुख्य संगणकाला कळवायचा.

खणणाऱ्या माणसांचे मुकादम मातीने माखलेल्या बुटांनिशी आत आले. "काय कासवराव, तुमच्या मशीनला स्वप्नं पडतात का?"

ऑफिसच्या प्रमुख मॅडम हसल्या नाहीत. "उद्याची यादी चुकली तर हे बंद. माणसं पूर्वीसारखी पाइपाला कान लावत फिरतील."

"बंद नको, मॅडम. चूक त्याची नाही, माझी आहे."

"मग शोधून काढ."

तो खुर्चीला चिकटला. मुख्य संगणकात प्रत्येक भागाच्या गळत्या नोंदवायला वीस घरं राखून ठेवली होती, एका गळतीला एक. वीस ही कमाल. रोज तेवढ्या गळत्या थोड्याच येतात? परवा ताईच्या भागातून पाच आल्या, पाच घरं भरली. काल दोनच आल्या, त्या पहिल्या दोन घरांत बसल्या. उरलेल्या तीन घरांत परवाचे भाडेकरू तसेच ठाण मांडून! प्रोग्रॅम भोळेपणाने भरलेलं प्रत्येक घर वाचत गेला.

खरं तर आलेल्या निरोपात माल किती, हे यंत्रणेला ठाऊक असतं. फक्त ती आपणहून बोलत नाही, विचारावं लागतं. कासवाने कधी विचारलंच नव्हतं. पाहुणे किती आले ते न बघता, मांडलेल्या ताटांवरून जेवणारे मोजण्यातली गत.

त्याने प्रोग्रॅममध्ये तो प्रश्न घातला आणि कालचा निरोप पुन्हा चालवला. उत्तर आलं, सहा.

"वा!" मुकादम मागून डोकावले. "दोनाच्या सहा झाल्या. मी कुदळी वाढवू?"

कासवाने निरोपातल्या एकेका आकड्यावर बोट ठेवत तो पुन्हा वाचला. मग कपाळावर हात मारला. एका गळतीचे आकडे तीन: कोणता पाइप, किती अंतरावर, दाब किती. त्याने सुटे आकडे मोजायला सांगितले होते. पायताणं मोजून माणसं सांगायची, तर जोडीचा हिशोब नको? तिन्ही आकड्यांचं एक गाठोडं ठरवून त्याने पुन्हा विचारलं. दोन.

तरी तो उठला नाही. आठवड्याभरातले सगळे निरोप त्याने एकामागून एक चालवले. चहा गार झाला, त्यावर साय धरली.

सकाळी यादी आली. ताईच्या भागातून शून्य.

"शून्य म्हणजे निरोपच आला नाही का?" मॅडमनी विचारलं.

"आलाय. गळती नाही, एवढंच सांगायला आलाय."

दुसऱ्या भागात, धोबीखान्यामागे मात्र एक गळती दाखवली होती. मुकादमांचा विश्वास नव्हता. ते आधी ताईच्या गल्लीत गेले, लांब सळई पाइपाला टेकवून तिच्या टोकाला कान लावला. काही नाही. मग धोबीखान्यामागे वाकले. कासव श्वास रोखून उभा. मुकादमांनी डोळे मिटले, आणि हात वर केला.

"खणा रे!"

कंबरभर खोलीवर पाणी फुसफुसत वर आलं. मुकादमांची पँट भिजली. त्यांनी कासवाकडे असं पाहिलं, जणू तेही त्यानेच केलं. मॅडम फोनवर म्हणाल्या, "चालू ठेव."

संध्याकाळी ताईचा फोन. "आज आमच्याकडे खणायला कुणी आलं नाही."

"म्हणजे बरोबर चाललंय!"

"कुंडीही आली नाही."

"उद्या नक्की."

"कितव्या उद्या?" ताईने विचारलं. कासवाकडून याचं उत्तर तिने अजून दोन प्रश्न विचारल्यावर येणार होतं.