ग्राझचे पाच

पोलंडातल्या ग्लिवित्सेच्या तंत्र विद्यापीठात झिताबाईंनी छत्तीस वर्षं कचेरीची खिडकी सांभाळली. वेळ दहा ते एक. एक वाजून एक मिनिटाने रडत आलेल्या पोराच्याही तोंडावर काच ओढायला त्यांना काही वाटत नसे. पोरं मागे नावं ठेवायची. पण परदेशात शिकून आलेल्यांचे गुण इथल्या मापात बसवावेत ते झिताबाईंनीच, हे सगळ्यांना कबूल होतं. बाईंनाही त्याचा तोरा होताच.

निवृत्तीला आठवडा उरला होता. कामावर येताना त्या रुळांवरच्या नव्या पादचारी पुलापाशी थांबल्या. पूल त्याच दुपारी खुला व्हायचा होता. पलीकडच्या शाळेत त्यांची नात, ल्युत्सिना, जायची. पिवळ्या पाटीवर आराखडा करणाऱ्या इंजिनिअरचं नाव होतं: कोर्नेल व्रोना.

हा पोरगा ऑस्ट्रियात, ग्राझला, शिकून परतलेला पहिलाच. सोळा वर्षं झाली त्याला. बाई झपाझप कचेरीकडे निघाल्या.

कचेरीत जाऊन त्यांनी जुनी फाइल उघडली. ग्राझच्या कागदावर इतर विषयांपुढे नुसतंच ‘सहभाग यशस्वी’. आकडा एकच होता. पुलांची बांधणी: पाच. पोलंडात पाच म्हणजे अव्वल, दोन म्हणजे नापास. ऑस्ट्रियात सगळं उफराटं: एक अव्वल आणि पाच नापास. पुढे हे त्यांना तोंडपाठ झालं, पण या पहिल्या कागदाकडे पुन्हा बघायचं राहूनच गेलं. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: अतिउत्तम. खाली त्यांचीच सही.

“पाच! शाब्बास रे!” त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

“नक्की ना, बाई?” त्याने विचारलं होतं.

“मला शिकवतोस? चल, पुढचा!”

दुपारी त्या धापा टाकत पुलाशी पोचल्या. फीत कापून झाली होती, पाहुणे पांगले होते. कोर्नेल अलीकडच्या पायऱ्यांखाली एकटाच उभा होता. बाईंनी कागद त्याच्यापुढे धरला.

“तू गप्प का बसलास?”

“तुम्ही तरी कुठे बोलू दिलंत?” तो खाली बघत म्हणाला. “वाटलं, पकडतीलच कधीतरी. मग नोकरी लागली.”

“नंतर तरी शिकलास ना ते?”

“पूल उभा आहे ना, बाई?”

“मग चल माझ्याबरोबर पलीकडे. चल की!”

कोर्नेल हसला, पण त्याचा पाय जागचा हलेना. बाईंना फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

पलीकडे शाळा सुटली. नवा पूल बघून पोरांचा लोंढाच्या लोंढा पायऱ्या चढू लागला. सगळ्यांत पुढे ल्युत्सिना.

“आजी! बघ, मी पहिली!”

“मागे फिरा! सगळे मागे फिरा!” असं ओरडत झिताबाई पुलावर धावत सुटल्या.