नानांच्या आवाजात लावलेली बोली

लिलावाची गोष्ट आणि सांगणारा नाशिकचा, म्हणजे तुम्ही आता कांद्याची वाट बघत बसणार. बसा. कांदा येणार नाही. द्राक्षंही नाहीत. बँकेनं घरावर नोटीस चिकटवली आणि आई पदर तोंडाला लावून रडली, असलंही काही नाही. घर भाड्याचं होतं आणि आईला रडायला वेळ नव्हता.

लिलाव होता कॉम्प्युटरवरचा. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खोक्यात बसून मी तो खेळायचो. खेळायचोच म्हणतो, कारण खरेदीत असली मजा नसते. दुकानात पैसे देऊन वस्तू घेतली तर कोणी अभिनंदन करत नाही, उलट सुट्टे मागतात. इथं स्क्रीनवर यायचं, अभिनंदन, तुम्ही जिंकलात. बारावीलासुद्धा मला कोणी असं म्हणालं नव्हतं. जिंकून काय आणलं? बुद्धिबळाचा सेट, त्यात एक उंट कमी. जोधपूरच्या कोणाची तरी दुर्बीण, तिच्यातून एकाच डोळ्याला दिसायचं. पण पार्सल फोडेपर्यंत मी राजा असायचो.

एकच खोट होती. हा लिलाव मुका होता. आकडा गपचूप वाढायचा. मला ते सहन होईना, कारण माझा बाप लिलाव बोलणारा.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. पंचवटीच्या मार्केट यार्डात एका आडत्याकडे ते संध्याकाळी पालेभाजीचा लिलाव पुकारायचे. कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग, एका बाजूला शेतकरी, समोर व्यापारी, आणि मधे नाना. शेकड्याला भाव. आवाज असा की पलीकडच्या गाळ्यातला हमाल म्हणायचा, तुमच्यामुळे आमचा भाव चुकतो.

तो आवाज त्या वर्षी जायला लागला. आधी फाटला, मग अर्ध्या लिलावात नुसती हवा यायला लागली. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. लिलाव पुकारणाऱ्याला हे सांगणं म्हणजे ड्रायव्हरला पाय कमी वापरा सांगण्यासारखं. आडत्यानं दिवाळीपर्यंत बघू म्हटलं. बघू म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं.

आणि मी नकल्या. माझी शाळा मनमाडला झाली, मामाकडे. तिथं स्टेशनच्या अनाउन्समेंटची नक्कल करून मी एक अख्खं वऱ्हाड चुकीच्या प्लॅटफॉर्मवर पाठवलेलं. नानांचा आवाज तर माझा हातखंडा. कॅफेत बोली लागली की मी त्यांच्या आवाजात पुकारायचो आणि पोरं खुर्च्या ओढून गोळा व्हायची. घरी मात्र कधी काढला नाही. आमच्या घरात बापाची नक्कल बापासमोर करायची पद्धत नव्हती.

एक दिवस साइटवर दिसला कमरेला बांधायचा स्पीकर. कानामागून तोंडाशी येणारा छोटा माईक, पट्टा, चकचकीत फोटो. विकणारा दिल्लीचा. मला वाटलं, संपला प्रश्न, दिवाळी काय, नाना पुढची दहा वर्षं पुकारतील. बोली लावली, आणि सवयीनं तोंड सुटलं. बोला हो, बोला, दिल्लीचा माल, ताजा माल, वर कोण म्हणतं. पोरं हसली. मी वाढवलं. परत पुकारलं, परत वाढवलं. समोर एकच गडी होता, तो कधीच सोडून गेला होता, पण ती साइट आपल्याच बोलीवर आपली बोली चढवू द्यायची. मी माझ्याच पुकाऱ्यावर चढत होतो. शेवटी दुकानात नवा मिळाला असता त्याच्याही वर जाऊन जिंकलो.

पार्सल आलं. नानांनी भाव विचारला, कसा जिंकलो तेही विचारलं. मी फुशारकीनं सगळं सांगितलं, फक्त आवाज कोणाचा ते गाळलं. त्यांनी पट्टा बांधला आणि गाळ्यावर गेले. मीही मागोमाग गेलो.

पहिली बोली निघाली आणि स्पीकर केकाटला. मग नानांचा आवाज आला, पण डब्यात कोंडल्यासारखा. पहिला व्यापारी म्हणाला, भंगारवाला आला वाटतं. दुसऱ्यानं विचारलं, मतदान कधी आहे. सगळे हसले. नानांच्या जिवावर वर्षानुवर्षं माल उचललेले हे लोक. पुढं त्यातला कोणीही रस्त्यात भेटला की मी चपलेकडे बघून जायचो. आकडा कोणाला धड कळेना, एका शेतकऱ्याची कोथिंबीर मातीमोल गेली, आणि तिसऱ्या ढिगाला तर स्पीकरच बंद पडला.

तेवढ्यात व्यापाऱ्यांतल्याच एकाचं पोरगं पुढं आलं. ते कॅफेत माझ्या शेजारी बसायचं. ते आडत्याला म्हणालं, "शेठ, याला बोलू द्या. हा नानांपेक्षा नानांसारखा बोलतो."

आडत्यानं माझ्याकडे मान हलवली. मी नानांकडे बघितलं, ते पट्ट्याचं बक्कल सोडवत होते. म्हटलं, आजचा दिवस निघून जाईल. आणि तोंड उघडलं.

आवाज असा निघाला की दोन गाळ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. दहा वर्षांपूर्वीचे नाना. कोथिंबीर आठशेवरून नऊशेवर गेली, हमालांनी शिट्ट्या मारल्या. ढीग संपल्यावर आडत्या नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरातच होतं की हो. उद्यापासून पोराला पाठवा." वर चहा मागवला. नानांनी घेतला नाही.

घरी परतताना आम्ही पूल ओलांडला. स्पीकर माझ्या हातात होता. मग ते थांबले. आवाज उरला नव्हता, नुसता घोगरा श्वास, म्हणून मला तोंडाजवळ कान न्यावा लागला. माझ्या बापाची ती एकच शिवी मी वाकून ऐकलीय.

"गाढवा, माल न बघता बोली लावलीस. इथं कोथिंबिरीची जुडी उलटून देठ बघतात. तू फोटो बघितलास."

मी म्हटलं, तुमच्यासाठीच घेतला.

"पुकारणारा कधी माल घेत नाय. स्वतःच पुकारायचं आन् स्वतःच घ्यायचं, मग थांबवणार कोण तुला?"

मला वाटलं, झालं. पण त्यांचा खरा राग स्पीकरवर नव्हताच.

"आन् मघाशी. आठशेवरनं थेट नऊशे घेतलंस. मी आठशेला थांबतो. शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघतो. त्याला परवडलं का बघतो, मग पुढं जातो. तू बघितलंस कुणाकडं? शिट्ट्यांकडं."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातातून स्पीकर घेतला, पट्टा नीट गुंडाळला आणि परत माझ्याच हातात दिला.

"उद्या जायचं तर जा. घर चालवायचंय. पण तुझ्या आवाजात जा. माझा मला लागतो अजून."