राम राम न घेणारा माणूस

मी धारूरला कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. दरवर्षी अकरावीला फळ्यावर भला मोठा डोळा काढतो आणि सांगतो, बघतो डोळा, पण अर्थ लावतो मेंदू. डोळ्याला न दिसलेली जागा मेंदू आपल्या मनानं भरून टाकतो, अन् काही दिसत नाही हेच माणसाला कळत नाही. पोरं लिहून घेतात. मी पगार घेतो.

आमच्या गावात ओट्यावर बसलेला माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला नुसता हात वर करतो. तोच राम राम. उलट हात वर झाला नाही तर ती गोष्ट गावभर होते. दोन वर्षांपूर्वी दादांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, हात वर होईनासा झाला. पारावरून, गिरणीपुढून माणसं हात करायची आणि हे आपले नाकासमोर निघून जायचे. पोरगं प्राध्यापक झालं, म्हाताऱ्याला लई माज आला, असं लोक मला ऐकवायला लागले. चुलत्यानं तर घरच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा दिलं नाही.

मला लाज वाटायची. एका सकाळी चहा पिताना मी त्यांना झापलंच. "दादा, मोठेपणा डोक्यात गेलाय का तुमच्या? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तुमी."

उरलेला चहा बशीत ओतून ते प्यायले आणि उठून गेले.

मागच्या महिन्यात बाजूनं आलेली फटफटी त्यांना दिसली नाही. गुडघा फुटला. तेव्हा कुठं मी त्यांना बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. बाजूची नजर कधीच गेली होती, समोरचं तेवढं उरलं होतं. गेलेली परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. दुखत नाही, म्हणून कळत नाही. इतकी वर्षं मी दुसरं काय शिकवत होतो? चुलीत घाला असलं ज्ञान.

परतताना एसटीत मी दादांना सगळं नीट सांगितलं. लोक हात करत होते, तुम्हाला ते दिसत नव्हते.

ते म्हणाले, "म्हंजी माणसं राम राम करीत व्हती?"

"करत होती की."

"मला वाटलं, समद्यांनी टाकलं आपल्याला. तुझ्या हातून काय तरी वंगाळ घडलं असंल. तुला कशाला दुखवायचं, म्हणून इचारलं न्हाई."